दौलतरावांचा न ठरलेला बूट

दौलतराव गावंडे माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत. आधी पायाकडे पाहत, मग पायातल्या जोड्याकडे, आणि तेवढ्यावर समाधान झालं तर वर. पुष्कळांच्या बाबतीत ते वर पोचतच नसत.

अमरावतीच्या ज्या जीनमध्ये मी पत्रं लिहिणारा कारकून म्हणून लागलो, तिथल्या गुदामाचे ते कारभारी. कपाशीतून सरकी काढायची आणि रुईच्या गासड्या बांधायच्या, हा आमच्या जीनचा धंदा. पहिल्या दिवशी मी नवा कोट घालून गुदामाच्या दाराशी गेलो, तर पन्नाशीकडे झुकलेला, उंच, वाळक्या अंगाचा, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला एक माणूस दारात आडवा उभा.

"पाय उलटा करा," तो म्हणाला.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"उलटा म्हणजे?"

"बैलाचा खूर पाह्यतेत तसा. करा, करा. लाजू नोका."

मी दाराची चौकट धरून एक पाय मागे वर केला. त्यांनी वाकून जोड्याचा तळ पाहिला, टाचेवरून अंगठा फिरवला, मग दुसरा पाय मागितला.

"लोखंड नाई. जा आंदर," ते म्हणाले. आणि मी दोन पावलं आत गेल्यावर मागून आवाज आला, "डावी टाच बाहेरून झिजली बाबू. चालता चालता मांगं वयून पाह्यची सवय दिसते. सोडून द्या."

सवय खरोखरच होती. पण ती माझ्या आईलाही माहीत नव्हती.

या तपासणीला कारण होतं. रुईच्या गुदामात लोखंडी खिळ्यांचा जोडा चालत नाही. फरशीवर खिळा घासून एक ठिणगी उडाली, तर सगळ्या गासड्यांची होळी. त्यामुळं आत जाणाऱ्याच्या जोड्याला खिळे नाहीत ना, हे पाहणं हे दौलतरावांचं कामच होतं. फक्त काम गुदामाच्या दाराशी संपत असे आणि दौलतराव तिथं संपत नसत. चहाला आलेल्या पाहुण्याला, पूजा सांगायला आलेल्या भटजींना, एकदा तर चौकशीला आलेल्या पोलीस जमादाराला त्यांनी पाय उलटा करायला लावला. जमादारानं केलाही. त्या आवाजात काहीतरी असं होतं, की माणूस आधी पाय उचलायचा आणि मग विचार करायचा.

आमचे मॅनेजर मुंबईचे. एका उन्हाळ्यात ते तिकडून तांबूस रंगाचे, घोट्याच्या वर येणारे, पितळी डोळ्यांतून नाडी ओवलेले तयार बूट घालून आले. सगळा जीन ते बूट पाहायला बाहेर. साहेब तसेच गुदामाकडे निघाले आणि दारात दौलतराव.

"साहेब, टाचेले नाल हाय."

"गावंडे, मी मॅनेजर आहे."

"मॅनेजर आंदर येऊ शकते. नाल नाई येऊ शकत."

साहेब मोज्यांवर गुदाम फिरून आले. तोवर दौलतरावांनी बाहेर काढून ठेवलेला बूट उचलून घेतला होता आणि ते टाचेवर बोटाच्या पेरानं टकटक करत होते, आपण कलिंगड घेताना करतो तसं.

"खाली एक थर चामडं, वर एक थर चामडं. मधात पुठ्ठा," त्यांनी निकाल दिला. "वरून लय नामी हाय. पोयापर्यंत टिकन."

साहेब संतापले. पण पोळ्याच्या चार दिवस आधी, झडीचा पाऊस लागलेला असताना, आवारातल्या चिखलात साहेबांची एक टाच राहून गेली. दौलतरावांनी ती धुतली, कोरड्या कागदात गुंडाळली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्या दिवसापासून साहेब जोडा घ्यायचा झाला की दौलतरावांना विचारू लागले.

बुटाच्या शास्त्रात त्यांना न ठाऊक असं काही नव्हतं. घोड्यावर बसणाऱ्याची टाच उंच आणि पुढे उतरती हवी, म्हणजे रिकिबीतून पाय निसटत नाही. दिवसभर उभं राहणाऱ्याची टाच बुटकी आणि रुंद. टाचेचे थर एकाच जनावराच्या पाठीच्या चामड्याचे हवेत; पोटाचं चामडं वापरलं की टाच बसते. तळ नुसता चिकटवलेला नको, खिळ्यांनी ठोकलेला तर नकोच. वरचं चामडं आणि तळ यांच्यामध्ये पट्टी घालून मेणाच्या दोऱ्यानं शिवलेला हवा, म्हणजे झिजल्यावर जुना तळ उसवून नवा लावता येतो. नुकतेच कुठं मोटारीच्या जुन्या टायरचे तळ निघाले होते, त्यांचं नाव काढलं की दौलतरावांचं तोंड कडू होई.

"रबराच्या तयाचा मानूस मांगून आला तरी समजत नाई," ते म्हणत. "असा मानूस चोर तरी असते, नाई तं नातेवाईक."

आणि काळ्या जमिनीविषयी बोलायला लागले की ऐकत राहावं. "कायी माती म्हंजे सासुरवाडी होय बाबू. पाय ठेवला का सोडत नाई. त्यात खिळ्याचा बूट घालून जा. एकेका खिळ्याले ढेकूय. अर्धा मैल चालले का तुमी सा बोटं उंच. अन् आनखी अर्धा मैल गेले का बूट तिथंच, तुमी पुढे."

पुतणीसाठी मुलगा पाहायला गेले, तेव्हाची हकिकत तर मला त्यांच्या भावानंच सांगितली. हा भाऊ वरूडला राहायचा. संत्र्यांची बाग त्याच्याकडे. पाहुणे मंडळी आत बैठकीत बसली, मुलाला प्रश्न विचारून झाले, सुपारी फोडायची वेळ आली, आणि थोरले काका कुठं दिसेनात. शोधलं तर बाहेर ओट्यावर, काढून ठेवलेल्या पंधरा-वीस जोड्यांच्या मधोमध उकिडवे बसलेले. हातात मुलाचा जोडा.

"पोरगा पक्का," त्यांनी तिथूनच सांगितलं. "तीन खेपा तळ बदलला त्यानं, पन वरचं चामडं तेच ठेवलं. तेलपानी करून ठेवलं. हा मानूस बायकोले अंतर देनार नाई."

लग्न झालं आणि पोरगी सुखात नांदली. यात जोड्याचा किती हात, ते मला सांगता येणार नाही.

एवढं सगळं असून दौलतराव स्वतः पायात काय घालत? साध्या, दोन अंगठ्यांच्या, शिवून शिवून मूळ चामडं उरलं नसेल अशा वाहाणा. कोणी चिडवलं की त्यांचं उत्तर ठरलेलं.

"बूट ठरून नाई राहिला ना बाप्पा."

त्यांचा बूट अकोल्याला शिवायला टाकला होता. तिथं किसन नावाचा एक मोची होता आणि त्याच्यासारखा कारागीर, दौलतरावांच्या मते, नागपूरपासून भुसावळपर्यंत दुसरा नव्हता. दर एका रविवाराआड दौलतराव सकाळी बडनेऱ्याला जात, गाडी पकडत, अकोल्याला उतरत, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. सोमवारी आम्ही सगळे टपलेले असू.

"झाला का हो बूट?"

"झालाच होता. पन टाच चार थराची पायजे का तीन, त्यावर अडलं."

पुढच्या वेळी पुढचा भाग गोल की चपटा यावर अडलेलं असे. मग तळाला बांबूच्या खुंट्या की नुसती शिलाई. मग नाडीसाठी भोकं सहा की सात. मी नोकरीला लागलो तेव्हा या बुटाला आठ वर्षं झाली होती. अमरावतीत कुणाच्या घराचं बांधकाम रेंगाळलं तर लोक म्हणत, गावंड्याचा बूट झाला.

बाकी त्यांचं आयुष्य अगदी थोडक्यात सांगता येण्यासारखं. राजापेठेत दोन खोल्या. मूलबाळ नाही. मोठ्या लढाईत ते सरकारी नोकरीवर बसऱ्याला गेले होते आणि ते तिकडं असतानाच इकडं तापाच्या साथीत बायको गेली. पुन्हा लग्न केलं नाही. लढाईविषयी विचारावं तर बुटांपलीकडं काही निघत नसे; शिपायांच्या बुटांच्या कोठाराचे ते कारकून होते म्हणे. "तुर्क कसे होते हो?" असं एकदा आमच्या तारमास्तरांनी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं. दौलतराव बराच वेळ आठवत राहिले. "तुर्काची टाच मजबूत," ते म्हणाले. "जर्मन असन."

पुढच्या पावसाळ्यात मालकांनी मला खेड्यांतून फिरायचं काम दिलं. कुठं कपाशी कशी आहे, ते पाहून लिहून आणायचं. पहिल्याच फेरीत माझ्या जोड्याचे दोन्ही तळ एका शेतात राहिले. मी अनवाणी परत आलो, तेव्हा दौलतरावांना मनापासून आनंद झाला.

"चाला अकोल्याले," ते म्हणाले. "तुमाले बूट करून देतो."

आम्ही रविवारी निघालो. त्यांच्याजवळ वरूडच्या संत्र्यांची एक करंडी होती. आंबिया बहाराची संत्री अजून झाडावर हिरवी असताना ही कुठून आणली, असं मी विचारलं. "एक झाड लवकर येते," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. मूर्तिजापूर गेल्यावर त्यांनी दोनदा रुमाल सोडून नव्यानं बांधला.

किसनचं दुकान म्हणजे मोर्णा नदीच्या अलीकडच्या एका गल्लीत घरापुढं उतरवलेला पत्रा. खाली किसन बसलेला; ठेंगणा, रुंद खांद्यांचा, दौलतरावांच्याच वयाचा. आम्हाला पाहून तो उठला. एक लाकडी खोकं त्यानं फडक्यानं पुसलं आणि स्वतःच्या बैठकीपासून दोन-तीन हातांवर ठेवलं. माझ्यासाठी एक धुतलेलं पोतं अंथरलं.

"बसा साहेब," तो दौलतरावांना म्हणाला.

"बसतो. बूट काढ."

किसननं मागच्या फळीवरून कापडात गुंडाळलेला जोड काढला. मी पाहतच राहिलो. गडद तपकिरी रंग, तेल पाजून पाजून आतून उजेड आल्यासारखं चामडं, घोट्याच्या वरपर्यंत उंची, दुहेरी तळ, आणि कडेनं फिरलेली शिलाई अशी, की दोन टाक्यांमधलं अंतर मोजायला बसलं तरी केसाचा फरक सापडू नये. आमच्या मॅनेजरांचा मुंबईचा बूट यापुढं खेळणं होता.

दौलतरावांनी तो हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला, टाचेवर टकटक केली.

"टाच उंच वाटून राहिली."

"मांगच्या खेपेले तुमीच म्हनलं, एक थर वाढव."

"म्हनलं असन. पन आता उंच वाटून राहिली."

"काढतो मंग एक थर."

"काढ. पन घाई नाई."

आणि मग दोघं बोलत बसले. टाचेपासून निघालेलं बोलणं कातडं कमावण्यावर गेलं, तिथून बाभळीच्या सालीवर, तिथून खजुरावर, तिथून कुठल्याशा नदीवरच्या होड्यांवर. मधूनच किसन मोठ्यानं हसायचा. त्याच्याबरोबर दौलतरावही हसत होते. मी जीनमध्ये त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

माझं माप घ्यायच्या वेळी किसन थांबला. कागदाची पट्टी हातात धरून म्हणाला, "बाबू, पायाले हात लावू काय?"

मी हो म्हटलं. माझ्या घरच्या वळणात हे बसणारं नव्हतं, आणि ते त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं विचारलं. त्याचा हात कोरडा आणि गरम होता.

दुपार झाली. आतून भाकरी भाजल्याचा वास आला. किसननं पाणी विचारलं नाही, दौलतरावांनी मागितलं नाही. तहान मलाही लागली होती, मीही गप्प राहिलो. गाडीची वेळ झाल्यावर ते उठले. करंडी खोक्याजवळच राहिली होती. मी उचलून द्यायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या. विसरलो मी ते."

माझे बूट पंधरा दिवसांत तयार झाले. ते आणायला मी एकटाच गेलो, कारण दौलतरावांना ताप होता. बूट पायात घातला आणि पावलाला कुठं टोचलं नाही की बोचलं नाही. नवं पायताण घातल्याचं कळलंसुद्धा नाही. मी किसनला विचारलं, "माझा बूट पंधरा दिवसांत होतो, मग दौलतरावांचा नऊ वर्षांत का होत नाही?"

तो हसला. चामडं कापायची रापी खाली ठेवली.

"थो तं पयल्याच वर्षी झाला, बाबू."

"मग?"

"मंग काय? दर खेपेले थे टाच काढ म्हंते, मी काढतो. थे लाव म्हंते, मी लावतो." त्यानं कापड सोडून मला बुटाची टाच दाखवली. खालचा थर नवा होता, पण वरच्या थरांत जुन्या भोकांची दाटी होती. "दौलतले माहीत हाय. मलेही माहीत हाय."

साहेबाचा दौलत कधी झाला, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं. माझ्या आलं, हे पाहून तो बूट मांडीवर ठेवून सांगू लागला.

बसऱ्याच्या त्या कोठारात शिपायांचे फाटके बूट येत. दौलतराव ते मोजून नोंदवून घेत आणि किसन ते दुरुस्त करी. पलटणीबरोबर आलेली मराठी बोलणारी तिथं दोनच माणसं. एकाच तंबूत अडीच वर्षं राहिले. वाळूचं वादळ आलं की एकाच घोंगडीखाली. किसनला ज्वर झाला तेव्हा दौलतरावांनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन रात्री काढल्या. दौलतरावांना बायको गेल्याचं पत्र आलं, ते वाचून झाल्यावर चार दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही, तेव्हा किसननं भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडात घातला.

"एका ताटात जेवलो," किसन म्हणाला. "दुसरं ताटच नव्हतं, असं समजा. मंग लढाई सरली. बोटीनं मुंबई, मुंबईहून गाडी. जसजसा आपला मुलूख जवय येऊन राहिला, तसतसं दोघंही कमी बोलून राहिलो. अकोल्याले मी उतरलो. थे गाडीच्या दारात उभे. गावात काय म्हनून येनार माह्याकडे? पानी प्याले? जेवाले? त्यायच्या घरी पुतनी होती लग्नाची. गाडी हालली तवा मले म्हने, किसना, माह्यासाठी बूट शिवून ठेव. मी पाह्याले येईन."

त्यानं बूट पुन्हा कापडात गुंडाळला. "मोच्याकडे मानूस बूट पाह्याले येऊ शकते ना, बाबू. त्याले कोनी नाव ठेवत नाई."

मी ही गोष्ट दौलतरावांजवळ काढली नाही.

हिवाळ्याच्या तोंडाशी जीनमध्ये त्यांच्या नावानं एक पोस्टकार्ड आलं. टपाल माझ्याकडेच येई. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, एकच ओळ: बूट तयार आहेत, घेऊन जावे. मी ते गुदामात नेऊन दिलं. दौलतरावांनी उभ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं आणि गासडीवर बसले.

"नऊ वर्सांत त्यानं मले घेऊन जा म्हनलं नाई," ते म्हणाले.

दुसरा दिवस कामाचा होता. तरी आम्ही गेलो. त्यांनी मला बोलावलं नव्हतं. मीच बरोबर निघालो आणि त्यांनी नको म्हटलं नाही.

पत्र्याखाली कोणी नव्हतं. किसनची बायको गंगूबाई दारात आली. गेल्या आठ-दहा दिवसांत किसनच्या पायांवर सूज चढली होती, आता श्वासही पुरत नव्हता. डॉक्टरानं काय सांगितलं, ते तिनं सांगितलं नाही. खोकं फडक्यानं पुसायला ती वाकली, तर दौलतराव तिच्या बाजूनं, दाराच्या ठेंगण्या चौकटीखाली वाकून, सरळ आत गेले.

मी उंबऱ्याबाहेर राहिलो. मला कोणी आत बोलावलं नाही आणि मी गेलो नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

किसन भिंतीला टेकून बसला होता. बूट त्याच्या मांडीवर होते.

"टाच पाह्य," तो म्हणाला.

दौलतरावांनी बूट घेतला. उलटा केला नाही, टकटक केली नाही.

"पाह्यली. बरोबर हाय."

"तीन थर ठेवले."

"तीनच पायजे होते."

"शिलाई?"

"शिलाईले तोड नाई."

"मंग घाल पायात. एकडाव तरी घाल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की नऊ वर्षांत या माणसानं त्या बुटात पाय घातलेला नव्हता. ते खाली बसले. नाडी सैल केली. उजवा पाय आत जाताना त्यांच्या जबड्याचं हाड ताठ झालं, पण चेहरा हलला नाही. दोन्ही बूट चढवून ते उठले आणि बाहेर आले. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंब होता. तिथपर्यंत चालत गेले आणि परत आले, पाठ ताठ, पावलं एकसारखी, दाराकडं तोंड ठेवून. आतून किसन पाहत होता.

"चावते काय?"

"नाई बे. लोन्यासारखा हाय."

"खरं?"

"मी बुटाच्या बाबतीत खोटं बोलीन काय?"

किसननं मान मागं टेकवली. "म्हंजे ठरला."

"ठरला."

"मंग आता तुह्यं इकडे येनं सरलं, दौलत."

गंगूबाई चुलीपाशी पाठमोरी उभी होती. दौलतराव किसनच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले, बूट तसेच पायात.

"वहिनी," ते म्हणाले, "आज काय रांधलं?"

तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. "अंबाडीची भाजी हाय. अन् भाकर."

"वाढा. आमा दोघायले एकाच ताटात वाढा."

गल्लीत एव्हाना चार माणसं जमली होती. जोडा घालून मिरवणारा पाहुणा आत जाऊन बसला, हे त्यांनी पाहिलं होतं. गंगूबाई म्हणाली, "भाऊजी, दार लोटून घेऊ काय?"

"राहू द्या उघडं."

दौलतरावांनी भाकरी मोडली. पहिला घास किसनच्या तोंडाशी धरला. किसननं तो घेतला, चावत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं ते त्यानं पुसलं नाही. "नऊ वर्सं लावले बे तू," तो म्हणाला. "हिंमत नव्हती, गड्या," दौलतराव म्हणाले. "भाजीत मीठ बरोबर हाय. खाय."

गंगूबाईनं मला पाण्याचा पेला आणून दिला. तिनं तो माझ्या हातात दिला नाही, उंबऱ्यावर ठेवला. मी तो उचलून प्यायलो. त्यात माझं काही मोठेपण नाही. सकाळपासून तहान होती, आणि त्या दिवशी पेला न उचलणं मला जमलं नसतं.

परतीच्या गाडीत बसल्यावर दौलतरावांनी नाड्या सोडल्या. बूट निघेना. मी खाली बसून ओढून काढला. दोन्ही पायांची बोटं सोलून निघाली होती, टाचेवर कातडं उरलं नव्हतं.

"अहो, इतका घट्ट होता तर सांगायचं," मी म्हणालो. "त्यानं एक दिवसात सैल करून दिला असता."

त्यांनी बूट मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत राहिले.

"त्यानं माप नाई घेतलं ना बाबू कधी. बसऱ्यात त्यानं माहा पाय पाह्यला होता, तेवढ्यावर शिवला. तवा मी चाळिशीचा नव्हतो. त्याच्या मनात माहा पाय अजून तेवढाच हाय." नाडी बुटात खोचून म्हणाले, "तेवढाच राहू द्या."

अकोल्याची बातमी त्यांच्याआधी अमरावतीला पोचली. जीनमध्ये काही जणांनी त्यांच्यासाठी पाण्याचा माठ वेगळा मांडावा अशी कुजबूज केली. ती कानावर येताच दौलतरावांनी स्वतःच बाजारातून एक नवा माठ आणून गुदामाच्या सावलीत ठेवला. तो इतका गार निघाला, की उन्हाळ्यात कुजबूज करणारेच आडून आडून त्यातलं पाणी पिऊ लागले. वरूडच्या भावानं त्या वर्षी संत्री पाठवली नाहीत. पुढच्या वर्षी पाठवली, पण सोबत चिठ्ठी नव्हती.

किसन आणखी पाच महिने राहिला. दौलतराव आता एका रविवाराआड नाही, दर रविवारी जात. शेवटच्या रविवारी ते तिथंच होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी मला कामासाठी धामणगावला जायचं होतं. सकाळी बडनेऱ्याच्या फलाटावर पाहतो तो दौलतराव बाकावर बसलेले, रुमाल नव्यानं बांधलेला, शेजारी भाजीची पिशवी.

"इकडं कुठं?" मी विचारलं.

"अकोल्याले."

ते माझ्या तोंडाकडं पाहत होते. अकोल्याकडची गाडी लागली, त्यांनी पिशवी उचलली.

"वहिनी एकटी पडली," ते म्हणाले. "एकट्या मानसाले जेवन उतरत नाई, बाबू. मले माहीत हाय ते."

आणि ते गाडीत चढले.